फरशीवरून दिसणारं टेबल

या, असे जवळ सरका. लांब बसलात तर अर्धी गोष्ट भिंतच ऐकून घेईल. गोष्ट आहे एका सल्लागारबाईंची. कुणी कुठलं चित्र घ्यावं हे सांगायचं आणि चित्रांची प्रदर्शनं मांडायची, हा त्यांचा स्वतःचा व्यवसाय. वर साहेब नाही, खाली शिपाई नाही. खिळे ठोकायला मी. देवदयेने माझा हात सरळ आहे, पण बाईंचा भरवसा आपल्या दोरीवर. जमिनीपासून पाच फुटांवर ती ताणायची आणि प्रत्येक चित्राचा मध्य तिच्यावर आणायचा. म्हणून मागून आम्ही त्यांना दोरीबाई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं.

त्या दिवशी भिंतींवर एका मावशींची तेवीस चित्रं होती. मावशींनी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं भाज्या चिरल्या आणि जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यात बसून चित्रं काढली. आता त्यांच्या भाच्याला चित्रांनी भरलेली खोली रिकामी हवी होती. दुपारी येणाऱ्या हॉटेलवाल्या बाईंनी चित्रं घेतली तर ठीक, नाहीतर संध्याकाळी भाच्याचा टेम्पो दारात आणि चित्रं रद्दीत.

दारातल्या मोठ्या चित्रात चार काळे खांब होते, वर तपकिरी ढग आणि खाली काही गोटे. दोरीबाईंनी माहितीपुस्तिकेत त्याला नाव दिलं होतं, ‘एकटेपणाचे स्तंभ’. हॉटेलवाल्या बाईंनी ते वाचलं, चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाल्या की आमच्याकडे माणसं दमूनभागून येतात, एकटेपणा घरूनच घेऊन येतात, आणखी कशाला द्यायचा? आणि पर्स काखोटीला मारली.

तेवढ्यात शेजारीच उभ्या असलेल्या मावशींच्या गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली. त्या सवयीने फरशीवर बसल्या, वर बघितलं आणि खुदकन हसल्या.

“माझं टेबल छताला कुणी टांगलं गं?”

“टेबल?” दोरीबाई म्हणाल्या.

“मग काय? हे त्याचे पाय. आणि ढग कसला, फळी आहे ती, खालून.”

दोरीबाईंना सारवासारव करता आली असती. शब्दांना काय तोटा? पण त्यांनी पुस्तिका मिटली.

“माझं चुकलं,” त्या हॉटेलवाल्या बाईंना म्हणाल्या. “बसून काढलेलं चित्र मी उभ्याने बघितलं.”

मग त्यांनी स्वतःच्या हाताने दोरी कापली, मला चित्र अडीच फूट खाली घ्यायला लावलं आणि इस्त्रीच्या कपड्यांनिशी फतकल मारून बसल्या. उठवणार कोण, असं पुटपुटत हॉटेलवाल्या बाईही टेकल्या.

आणि काय सांगू, फळीचं छप्पर झालं. त्याखालचे गोटे म्हणजे उभ्याने राबणाऱ्यांची पावलं निघाली. एकीची टाच झिजलेली, दुसरी एका पायाने दुसरा पाय खाजवतेय.

“आमची आचारीणबाई अगदी अशीच उभी राहते,” हॉटेलवाल्या बाई म्हणाल्या, आणि बराच वेळ उठल्याच नाहीत.

तेवीसही चित्रं त्यांनीच घेतली, बैठकीच्या खोलीत कोचांच्या उंचीला लावायला. अट एकच, नावं मावशींनी द्यायची. पहिलं नाव मावशींनी लगेच सांगितलं, ‘टेबल’. भाच्याचा टेम्पो आला तो फुकट गेला नाही. चित्रं त्यातूनच हॉटेलात गेली.

आता उठण्याआधी माझं एवढं ऐका. कधी एखादं चित्र, नाहीतर एखादं माणूस, काही केल्या कळेनासं झालं, तर भर गिऱ्हाइकासमोर ‘माझं चुकलं’ म्हणून फरशीवर बसलेल्या आमच्या दोरीबाईंची आठवण ठेवा.