चौथा मजला, डावीकडे

प्लास्टिकचा पेशंट बेपत्ता होऊन पाऊण तास झाला होता, आणि त्याला स्ट्रेचरवरून घेऊन गेलेला माणूसही. अपघात विभागाच्या दारात शिकवणारी सिस्टर स्टॉपवॉच घेऊन उभी होती. परीक्षा साधी होती. पेशंट इथून उचलायचा, लिफ्टने चौथ्या मजल्यावर न्यायचा, एक्स-रे विभागात पोचवायचा. वेळ दहा मिनिटं. आधीच्या पाच पोरांनी ते काम सात-सात मिनिटांत उरकलं होतं. एकाने तर वाटेत चहाही घेतला होता.

"काका पळून गेले असतील," चहा घेतलेला म्हणाला.

"पुतळा घेऊन?"

"एकट्याला करमत नसेल."

काका पळून गेले नव्हते. ते लिफ्टमध्ये होते. तळमजल्यापासून सातव्यापर्यंत त्यांच्या अकरा फेऱ्या झाल्या होत्या.

लिफ्टमध्ये असण्याचा त्यांना सव्वीस वर्षांचा अनुभव होता. याच हॉस्पिटलात, याच जागी, लाकडी स्टुलावर बसून त्यांनी माणसं वर नेली आणि खाली आणली. दोन महिन्यांपूर्वी नवी लिफ्ट आली. तिच्यात एक बाई बोलते. "तिसरा मजला," म्हणते, आणि दार उघडतं. त्या बाईला रजा नको, जेवणाची सुट्टी नको. स्टूल भंगारात गेलं, आणि प्रशासन अधिकाऱ्याने काकांपुढे एक अर्ज ठेवला: स्वेच्छानिवृत्ती. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी घरी बसायचं, नाहीतर आठवडाभरात स्ट्रेचरचं काम शिकून परीक्षा द्यायची. काकांनी शिकायचं ठरवलं, कारण घरी बसून नेमकं काय करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

शिकवणारी सिस्टर त्यांच्या मुलीच्या वर्गातली निघाली. लहानपणी ती त्यांच्या घरी येऊन बिस्किटं खायची. तिला 'अगं' म्हणावं की 'अहो', हे न ठरल्यामुळे काकांनी पहिले तीन दिवस तिच्याशी मानेनेच संवाद साधला. तरी शिकण्यात ते कमी पडले नाहीत. ब्रेक कसा लावायचा, सलाईनची पिशवी कुठे टांगायची, पेशंटचे पाय आधी की डोकं आधी, सगळं त्यांना पाठ झालं.

अडचण वेगळीच होती, आणि ती त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. एक्स-रे विभाग कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

खरं सांगायचं तर काहीच कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. प्रत्येक मजल्याचा त्यांनी फक्त लिफ्टच्या दारातून दिसणारा तुकडा पाहिला होता. दुसरा मजला म्हणजे आग विझवायची लाल टाकी. तिसरा म्हणजे एक बाक. चौथा म्हणजे हात धुण्याबद्दलची पाटी. त्यापलीकडे सात पावलंही ते कधी गेले नव्हते. लिफ्ट सोडून जाणार कसं? आणि आता विचारायचं कुणाला? हॉस्पिटलात वाट चुकलेला प्रत्येक माणूस सव्वीस वर्षं त्यांनाच विचारत आला होता.

म्हणून चौथा मजला आला की ते स्ट्रेचर दोन बोटं पुढे ढकलत, पाटी वाचत आणि दार बंद होऊ देत. मग कुणीतरी म्हणे, "पाचवा हो," आणि काकांचा हात आपोआप बटणावर जाई.

तिसऱ्या फेरीला एक म्हातारी आत आली. तिचा नवरा पाचव्या मजल्यावर होता आणि ती खाली औषधं आणायला आली होती. तिने पेशंटच्या हाताला हात लावला.

"अंग गार पडलंय हो यांचं."

"असेच असतात ते."

"कधीपासून?"

"आल्यापासून."

म्हातारीने स्वतःची शाल काढून पेशंटच्या अंगावर घातली. "कोण तुमचे?"

"भाऊ," काका म्हणाले. का म्हणाले ते त्यांनाही कळलं नाही. लोक विचारतात आणि आपण उत्तर देतो, एवढीच सवय.

सातव्या फेरीला ती पुन्हा भेटली. आणलेली गोळी चुकीची निघाली होती. तिने शाल नीट केली. बाराव्या फेरीला ती तिसऱ्यांदा आत आली तेव्हा लिफ्टमध्ये आणखी चौघं होते.

"हा प्लास्टिकचा आहे ना?" तिने हळूच विचारलं.

"हो."

"मला पहिल्यांदाच कळलं होतं. तुम्ही भाऊ म्हणालात, म्हणून गप्प बसले. म्हटलं, कुणाचं काय दुःख असेल सांगता येत नाही." ती थांबली. "उतरत का नाही तुम्ही?"

काका बटणांकडे बघत म्हणाले, "याला एक्स-रेला न्यायचंय. कुठे आहे माहीत नाही."

"मग विचारा की कुणाला."

"मला विचारतात सगळे."

कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं.

"चौथा मजला," लिफ्टमधली बाई म्हणाली. दार उघडलं. म्हातारीने स्ट्रेचरचा पुढचा दांडा धरला आणि ओढला. काकांना मागून ढकलावंच लागलं, नाहीतर भाऊ खाली पडला असता.

पाटीसमोर एक झाडूवाला फरशी पुसत होता. काकांनी तोंड उघडलं. आवाज तिसऱ्या प्रयत्नाला आला. "एक्स-रे कुठे?"

झाडूवाल्याने मान वर केली आणि ओळखलं. "डावीकडे. सगळ्यात शेवटचं दार."

"सरळ नाही?"

"सरळ गोदाम आहे. कायम कुलूप." त्याने फडकं पिळलं. "सव्वीस वर्षं तुम्ही लोकांना सरळ पाठवताय, काका. कुलूप बघून परत येतात, मग मी डावीकडे धाडतो."

"कधी बोलला नाहीस."

"तुम्ही इतक्या खात्रीने सांगायचात, मलाच वाटायचं कधीतरी गोदाम उघडेल."

काका डावीकडे वळले. कॉरिडॉर लांब होता, खिडक्या होत्या, खिडक्यांबाहेर एक झाड होतं. या झाडाविषयी त्यांना कुणी काहीच सांगितलं नव्हतं. सगळ्यात शेवटच्या दाराशी म्हातारीने शाल उचलून घेतली, घडी केली आणि नवऱ्याकडे निघून गेली.

"त्रेपन्न मिनिटं," त्यांना शोधत तिथे आलेली सिस्टर म्हणाली आणि कागदावर लिहिलं. लिहिताना तिने त्यांच्याकडे बघायचं टाळलं. दोघं मिळून प्रशासन अधिकाऱ्याकडे गेले. त्याने अर्ज पुढे सरकवला, पेन वर ठेवलं.

काकांनी पेन उचललं. झाकण काढलं. परत लावलं.

"मला अजून दिवस पाहिजेत, साहेब. मी नवीन आहे."

"नवीन? सव्वीस वर्षं झाली तुम्हाला."

"ती लिफ्टमध्ये झाली. हॉस्पिटलात मी आज आलोय."

अधिकाऱ्याने सिस्टरकडे पाहिलं. "दुसऱ्या परीक्षेची नियमात सोय नाही."

"पहिलीची पण नव्हती, सर," ती म्हणाली. "आपणच काढली."

अधिकाऱ्याने अर्ज परत ओढून खणात ठेवला. "सोमवारी. शेवटची. पेशंट कुठे न्यायचा ते तेव्हाच सांगणार. चुकलात तर तिथेच सही."

बाहेर आल्यावर काका तिला म्हणाले, "तुला माहीत आहे का गं, रक्तपेढी कुठे असते?"

ती थांबली. त्यांनी तिला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. "तळघरात. चला, दाखवते."

"नको, दिशा सांग फक्त. चुकलो तर परत विचारतो."

संध्याकाळपर्यंत त्यांचं तळघर आणि दोन मजले झाले. सहा वेळा ते चुकले, नऊ जणांना विचारलं. एक जण खेकसला, "दिसत नाही का पाटी?" काका म्हणाले, "दिसते, पण बाण कुठला हे कळत नाही," आणि उभे राहिले. शेवटी त्यानेच नेऊन सोडलं. सोमवारला तीन दिवस होते आणि अजून पाच मजले बाकी होते. आजचं पाठ केलेलं उद्या आठवेल की नाही, याचीही त्यांना खात्री नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी मोजा काढला. बायको वाकून बघायला लागली.

"अहो, हे काय?"

उजव्या टाचेला फोड आला होता. सव्वीस वर्षांच्या नोकरीतला पहिला.

"काही नाही," ते म्हणाले, आणि पाय दिव्याखाली धरून बराच वेळ बघत बसले.