बिघडलेल्या वाइनचा वास

मी वाइनचा पेला आहे. लांब पायाचा, पोटाशी फुगीर आणि तोंडाशी थोडा आवळलेला. वास उडून जाऊ नये, हुंगणाऱ्याच्या नाकापर्यंत सगळा पोहोचावा, म्हणून आम्हाला असं घडवतात. सध्या माझा मुक्काम दोह्यातल्या अल हिलाल भागात, दुर्गा नावाच्या बाईंच्या स्वयंपाकघरात आहे. मी इथे कसा आलो ते सांगतो.

माझा जन्म इटलीतला, टस्कनीच्या डोंगराळ भागातला. भट्टीतून निघालो, गार झालो, आणि भावंडांबरोबर खोक्यात बसून ओर्नेल्लाच्या वाइनरीत पोहोचलो. ओर्नेल्ला ही तिथली मालकीण. उताराच्या जमिनीवर तिच्या द्राक्षवेली आहेत, खाली दगडी तळघर, तिथे लाकडी पिंपं, आणि वर अंगणात अक्रोडाच्या झाडाखाली एक लांबलचक टेबल. पाहुणे आधी वेलींमधून फिरतात, मग तळघरात जातात, आणि शेवटी त्या टेबलाशी येऊन बसतात. तिथून आमचं काम सुरू.

माणसं वाइन चाखायला बसली की किती सावध होतात! घरी गटागटा पाणी पिणारा माणूससुद्धा इथे पेला फिरवतो, उजेडात धरतो, डोळे बारीक करतो. कुणी पहिला "चेरी" म्हणाला की टेबलावर सगळ्यांना चेरी लागते. मला त्याची गंमत वाटायची. बिचारे चुकायला घाबरतात, दुसरं काय.

एका सप्टेंबरमध्ये दुर्गा आली. बरोबर नवरा देवव्रत आणि मुलगी गार्गी. माणसं मूळची नाशिकची. देवव्रत कतारमध्ये गॅसच्या कंपनीत इंजिनिअर. लग्नाच्या वाढदिवसाची ही सहल त्याने मोठ्या हौसेने आखली होती.

"आपल्याकडे द्राक्षांचे मांडव केवढे उंच असतात, आणि इथे बघ, कमरेएवढ्या वेली," तो दुर्गाला म्हणत होता. "आणि हवा! छातीभर घे गं. दोह्यात चार महिने एसीच खातोय आपण."

दुर्गाने छातीभर श्वास घेतला आणि हसली. ते हसू मला ओढूनताणून आणलेलं वाटलं.

मी तिच्यासमोर होतो. पहिली वाइन पांढरी होती. दुर्गाने मला उचललं, नाकाशी नेलं, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजारच्या जोडप्याकडे पाहिलं. ते "लिंबू" म्हणाले, मग हीपण "लिंबू" म्हणाली. दुसऱ्या वाइनला ते "चेरी" म्हणाले, मग हीपण "चेरी". देवव्रत खूश झाला. मला मात्र तिची बोटं कळत होती. परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी ती माझ्या पायाला घट्ट धरून बसली होती.

मग तिसरी बाटली आली. नवं बूच उघडलं की ओर्नेल्ला आधी स्वतः हुंगते. पण तेवढ्यात गार्गीने तिला द्राक्षाचा रस मागितला आणि बोलता बोलता तिने वाइन तशीच सगळ्यांना ओतली. माझ्यात पडल्याबरोबर मला कळलं की काहीतरी बिनसलंय. पण पेल्याला सांगता कुठे येतं?

देवव्रतने घोट घेतला. "वा! मातीचा वास आहे. जुन्या वाइनला असतो."

शेजारचं जोडपंही मान हलवायला लागलं.

दुर्गाने मला नाकाशी नेलं आणि ती थांबली. पुन्हा हुंगलं. मग डोळे मिटून नाक जवळजवळ आत बुडवलं.

"कुबट," ती म्हणाली.

"काय?" देवव्रतने विचारलं.

"कुबट वास येतोय. ओलं गोणपाट कोपऱ्यात पडून राहिलं ना, की येतो तसा." तिचा आवाज चढला. "देवव्रत, वास येतोय! मला वास येतोय!"

टेबलावरची सगळी डोकी तिच्याकडे वळली. ओर्नेल्ला धावत आली. तिने एक पेला हुंगला आणि कपाळाला हात लावला. "सॉरी, सॉरी! बूच खराब निघालं. त्याने सगळी बाटली बिघडली. बरोबर आहे तुमचं." आणि तिने माझ्यातली वाइन ओतून टाकायला हात पुढे केला.

दुर्गाने मला छातीशी धरलं. "नो, प्लीज! फेकू नका. थोडा वेळ राहू द्या."

वाइनची अब्रू गेली होती आणि ही बाई रडत रडत तोच घाणेरडा वास परत परत घेत होती. शेजारच्या जोडप्याला काहीच उमगेना.

देवव्रतलाही उमगेना. "अगं, पण तुला वास यायला मागेच लागला होता ना? त्या तापानंतर बंद झाला होता, आणि मग तूच म्हणालीस..."

"खोटं बोलले," दुर्गा म्हणाली. "रोज जेवताना विचारायचास, आला का, आला का. डॉक्टर झाले, औषधं झाली. तुझा चेहरा रोज पडायचा. मग एक दिवस म्हटलं, आला. त्या दिवशी तू किती शांत झोपलास."

"मग स्वयंपाक? फोडणी करपली तर? गॅस?"

रसाचा ग्लास हातात धरून गार्गी पुढे झाली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तरं ती इंग्रजीतच देते. "आय स्मेल एव्हरीथिंग फॉर हर, बाबा. मिल्क, गॅस, एव्हरीथिंग. इट वॉज अवर सीक्रेट."

देवव्रत खुर्चीत मागे टेकला. मला वाटलं, आता चिडेल. दिवसभराची हौस, इतका प्रवास, आणि हे. पण त्याने दुर्गाच्या हातून मला घेतलं, पुन्हा हुंगलं आणि तोंड वाकडं केलं.

"खरंच कुबट आहे गं. आणि मी वर वा म्हणालो!"

आधी दुर्गा हसली, मग गार्गी, मग सगळं टेबल. इतक्या पाहुण्यांमध्ये पहिल्यांदाच मला खरं हसू ऐकू आलं.

निघताना ओर्नेल्ला चांगल्यातली एक बाटली आणून द्यायला लागली. देवव्रतने हात जोडले. "आम्ही कतारला राहतो. तिथे विमानातून बाटली नेता येत नाही."

"मग हा द्या," दुर्गाने मला उचललं. "रिकामाच."

असा मी गार्गीच्या लोकरी मोज्यांत गुंडाळून बॅगेत बसलो. दोह्याच्या विमानतळावर बॅग यंत्रातून गेली आणि कस्टमच्या माणसाने ती बाजूला घेतली. त्याच्या कोटावर नाव होतं, उसामा. देवव्रतला काही न करताही घाम फुटला.

"बाटली?"

"नो, नो बाटली. ओन्ली ग्लास. रिकामा."

उसामाने मोजा काढला, मला दिव्यासमोर धरलं, बॅगेत उरलेलं चाचपून पाहिलं. मग मला परत मोज्यात घालून तो म्हणाला, "खलास. यल्ला, गो." म्हणजे झालं, निघा आता. माझा जीव काचेत पडला!

पण खरी धास्ती पुढेच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गाने हिंगाची डबी उघडली. काही नाही. कॉफीचा डबा उघडला. काही नाही. ती तशीच खुर्चीवर बसली. मी टेबलावरून बघत होतो. आता ही पुन्हा हसेल आणि सगळं ठीक आहे म्हणेल, अशी मला भीती वाटली.

"देवव्रत," तिने हाक मारली. "गेला बहुतेक. परत काही येत नाहीये."

तो आला. काही विचारलं नाही. खुर्ची ओढून शेजारी बसला आणि तिचा हात हातात घेऊन राहिला.

तेवढ्यात गार्गीने फ्रिज उघडला. जाण्याआधीचं दूध तसंच राहिलं होतं. सवयीने तिने झाकण काढलं आणि नाकाशी नेणार, इतक्यात दुर्गा खुर्चीवरूनच ओरडली, "ई! आंबलंय ते! ओतून टाक आधी!"

गार्गी जागच्या जागी उभी. "आई, यू स्मेल्ड इट बिफोर मी."

मग तिने दूध सिंकमध्ये ओतलं, आणि खांदे खाली सोडत म्हणाली, "सो आय डोन्ट हॅव टू डू इट एनीमोर?"

"नाही गं राणी. खलास," दुर्गा म्हणाली. एवढं छोटं पोर, पण केवढं ओझं उतरल्यासारखा तिने श्वास सोडला! ते ऐकून देवव्रतने तोंड दुसरीकडे फिरवलं.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. इथे आल्यापासून मी वाइन पाहिलेली नाही, आणि तिची उणीवही भासत नाही. वास परततात, पण एकदम नाही, पाहुण्यांसारखे एकेक करून येतात. म्हणून दुर्गा रोज सकाळी माझ्यात काहीतरी टाकते आणि वास येतो का ते हुंगून बघते. सूक वाकिफच्या जुन्या बाजारातलं केशर, वाळलेलं काळं लिंबू, गुलाबपाणी, कढीपत्त्याचं पान. देवव्रतही डोळे मिटून हुंगतो आणि बरेचदा चुकतो. चुकला तर चुकला म्हणतो. धुताना एकदा नळावर आपटून माझ्या काठाचा टवका उडाला. मला टाकायचं कुणाच्या मनात आलं नाही, याचं बरं वाटलं.

तुमच्याकडे माझी एकच मागणी आहे. तुमच्या घरात कुणी फार पटकन "सगळं ठीक आहे" म्हणत असेल, तर त्याच्याजवळ जरा बसा. चौकशीची घाई करू नका, नुसते बसा.

आज सकाळी माझ्यात जिरं होतं. दुर्गाने हुंगलं, थांबली, पुन्हा हुंगलं. "नाही आला," ती सरळ म्हणाली, आणि चहा ठेवायला वळली. असू दे. जिरं आहे, आणि मीही इथेच आहे.