चारशे अठरा नंबरचं दार

भेदभावाच्या तक्रारी ऐकणाऱ्या शहर मानवी संबंध आयोगाचं पत्र वर्लीन हॉस्टेटलरच्या स्वयंपाकघरात दोन दिवस तसंच पडून होतं. तिसऱ्या दिवशी शेजारचा ड्वेन कॉफी प्यायला आला, तेव्हा तिने ते त्याच्यापुढे सरकवलं.

"वाच! बावीस वर्षं मी गल्लीची पंगत घालतेय, आणि या वयात माझ्या नावाने तक्रार!"

ड्वेनने चष्मा लावला. "चारशे अठरा नंबर. म्हणजे ते बर्माकडचे लोक. पंगतीच्या दिवशी त्यांची गाडी उचलून नेली, त्याबद्दल का?"

"गल्ली बंद होती, पोलिसांनी नेली. मी काय दोर बांधून ओढत नेली?"

"तेवढा जोर तुझ्यात असता, तर माझं गवत तुझ्याकडूनच कापून घेतलं असतं."

वर्लीन हसली नाही. तेव्हा ड्वेनने हळूच विचारलं, "सह्या घेताना त्यांच्या दारात गेली होतीस ना?"

"त्यांना कशाला त्रास द्यायचा? आपलं बटाट्याचं सॅलड त्यांना रुचायचं नाही, बोलणं समजायचं नाही. उगाच अवघडून बसतील बिचारे."

जूनच्या पहिल्या शनिवारी अमेरिकेतल्या त्या शहराच्या वॉलनट गल्लीत दोन्ही टोकांना लाकडी अडथळे लागत, आणि मधोमध टेबलं मांडून सगळी गल्ली जेवायला बसे. त्यासाठी रस्ता बंद करायचा तर सोळा घरांपैकी बारा घरांच्या सह्या पालिकेला पुरत. वर्लीन दरवर्षी पंधरा आणी. सोळावं दार ती तीन वर्षं टाळत आली होती, आणि तिच्या मते तो तिचा भलेपणा होता.

या पंगतीवर तिचा फार जीव. नवरा मर्ल गेल्यापासून संध्याकाळ झाली की ती खिडकीशी उभी राही. एकेक गाडी येई, गॅरेजचं दार आपोआप वर जाई, गाडीला गिळून खाली येई. माणूस काही दिसत नसे. पूर्वी याच गल्लीत पायऱ्यापायऱ्यांवर बायका बसलेल्या असायच्या, शेंगा सोलत, एकमेकींच्या पोरांना रागावत. वर्षातून एक दिवस ती गल्ली तिला परत मिळायची. त्याच दिवसावर आता कुणी बोट ठेवलं होतं.

आयोगाची खोली पालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर होती. एक गोल टेबल, चार खुर्च्या, पाण्याचा तांब्या. ओडेसा टिब्स नावाच्या बाई तिथे तंट्यांची बोलणी घडवून आणत. पूर्वी त्या शाळेत शिकवायच्या. कृष्णवर्णीय, पिकल्या केसांच्या, बोलणं सावकाश. समोर चारशे अठरा नंबरची दॉत त्याल बसली होती. पन्नाशीची, बुटकी, इस्पितळाच्या धुलाईघरात रात्रपाळी करणारी. काम करून येऊन झोपली होती, आणि उठली तेव्हा दारातली गाडी गायब होती.

"वर्लीनबाई, इथे कुणी आरोपी नाही," ओडेसाबाई म्हणाल्या. "गाडीचं पालिकेने निस्तरलंय. रस्ता बंद होणार ही चिठ्ठी त्यांनीच दारोदार लावायला हवी होती."

"मग मला कशाला बोलावलं?"

"आमच्या अर्जात एक चौकोन असतो. 'तुम्हाला काय हवं आहे?' कुणी लिहितं माफी, कुणी लिहितं दंड. यांनी काय लिहिलंय, ते तुम्हीच वाचा."

वर्लीनने वाचलं. गोल, जपून काढलेली अक्षरं होती. 'त्यांनी एकदा आमचं दार वाजवावं.'

तिने अर्ज टेबलावर ठेवला आणि ती दॉत त्यालकडे वळली.

"मला वाटलं, तुम्हाला त्रास होईल," वर्लीन शेवटी म्हणाली. "आणि तुम्हाला तुमची माणसं आहेत ना! जानेवारीत तीन दिवस केवढ्या गाड्या होत्या तुमच्या दारात. आत गाणी चालली होती. ड्वेन म्हणालाही, यांची पार्टी काही संपत नाही."

दॉत त्यालने मान खाली घातली. "ती पार्टी नव्हती. माझी आई गेली होती."

"अगं देवा!"

"बर्मातल्या आमच्या चिन डोंगरांत कुणी गेलं की तीन दिवस घर एकटं सोडत नाहीत. शेजारी येऊन बसतात, गातात. आमच्या चर्चची माणसं शहराच्या त्या टोकाहून आली. पण आमच्यात शेजाऱ्याचं बसणं वेगळं. मी बाहेरचा दिवा लावून ठेवला होता. दाराला कडी घातली नव्हती." ती थांबली. "आई मका कांडताना गायची.

दार ठेविते उघडं, दिवा ठेविते पेटता,
वाट पाहते शेजीची, दिस झाला मावळता.

मला वाटलं, खिडकीतल्या बाई येतील. तुम्ही रोज उभ्या असायचात ना."

वर्लीनला पुढचं दिसेना. ती खिडकीत उभी राहून माणसांची वाट पाहत होती, आणि समोरच्या घरात कुणी तिचीच वाट पाहत होतं! मध्ये फक्त एक रस्ता. बारा पावलांचा!

"मी वाईट नव्हते हो, ओडेसाबाई," ती पुटपुटली.

"नाहीच आहात. पण 'त्यांना त्रास नको' हे आपण ज्यांच्याबद्दल म्हणतो, त्यांना कधी विचारलेलं असतं का? माझ्या आईबापांना या शहरात बरंच काही असंच, अगदी गोड बोलून नाकारलं गेलं. शिवी दिली तर निदान उलट बोलता येतं. टाळणाऱ्याला काय उत्तर द्यायचं? घर नाकारलं, नोकरी नाकारली, तर हा आयोग जाब विचारेल. पण पायरी चढा, हा हुकूम आम्हाला काढता येत नाही. तो तुमचा तुम्हीच काढायचा."

दॉत त्याल उठता उठता म्हणाली, "सप्टेंबरात आम्ही जाणार आहोत. जिथे आमची पुष्कळ माणसं आहेत, तिथे. इथे फार शांत आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्लीन रस्ता ओलांडून गेली. हातात काही नव्हतं. काय न्यावं हेच तिला सुचलं नव्हतं. तिने दार वाजवलं.

दॉत त्यालने दार उघडलं.

"तुमच्या आईसाठी आलेय," वर्लीन म्हणाली. "सहा महिने उशीर झाला. आता चालतं का, मला ठाऊक नाही."

"आमच्यात तीन दिवस बसतात." दॉत त्याल दारातून बाजूला सरकली. "आज चौथा धरू. या, आत या."

मक्याच्या दाण्यांची, हाडं घालून शिजवलेली पेज पुढे आली. सभोवार मैलोगणिक मका पिकणाऱ्या मुलखात वर्लीनचा जन्म गेला होता, पण ही चव तिने कधी घेतली नव्हती. भिंतीवरच्या फोटोतल्या म्हातारीचं नाव तिने विचारलं, आणि नीट म्हणता येईपर्यंत तीनदा म्हणून पाहिलं. बोलणं थोडंच झालं. बसणं मात्र पुष्कळ झालं.

त्यानंतर ती रोज जात राहिली. तरीही सप्टेंबरात ते कुटुंब गेलं. तिकडे घर ठरलं होतं, मुलीची शाळा ठरली होती. सात आठवड्यांची ती शेजारीण. पण बावीस वर्षांच्या पंगतींतल्या कुणाची आठवण आली नसेल, इतकी तिची आठवण वर्लीनला येत राहिली.

मित्रहो, आपल्या शहरात कायदे असावेत, आयोग असावेत, चुकलेल्याला जाब विचारणारी माणसं असावीत. पण शेजार काही कायद्याने मिळत नाही! 'त्यांना त्रास नको' असं म्हणून आपण जे दार टाळतो, त्यामागे कुणीतरी कडी काढून बसलेलं असतं. उशीर झाला असेल, तरी जा. रिकाम्या हाताने जा. पण ते माणूस तिथे आहे, तोवर जा.