जुना तक्ता

इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर काढूनच टाका, रेसच्या गाड्यांना तो नसतो, असा मेहुण्याने हट्ट धरला होता. गाड्या ट्यून करणाऱ्या त्याच्या बहिणीच्या नवऱ्याने कपाळावर हात मारला.

"अरे शहाण्या, मग गाडी हवा मोजणार नाही. आतला दाब बघून तिच्या कॉम्प्युटरात आधी भरून ठेवलेल्या जुन्या तक्त्यावरून अंदाज बांधेल. उद्या तू सायलेन्सर बदललास की तक्ता पुन्हा लिहायचा! रेसच्या गाडीमागे दहा मेकॅनिक असतात, तुझ्यामागे मी एकटा."

बोलता बोलता त्याने गॅरेजमध्ये डबा घेऊन आलेल्या बायकोच्या चहात सवयीने दोन चमचे साखर घातली.

"मला साखर सोडून वर्ष झालं," ती शांतपणे म्हणाली.

मेहुण्याने बॉनेट खाली लावलं. "भावोजी, सेन्सर राहू द्या."