चौसष्ट टाक्यांच्या अकरा टोप्या

अकरा टोप्या एकाच बाईने, एकाच सुयांच्या जोडीवर, चौसष्ट टाके घालून विणल्या होत्या. विणून झाल्या तेव्हा तिनेच मोजलेला प्रत्येकीचा घेर तीस सेंटीमीटर होता. कोमट पाण्यात धुऊन वाळवल्यावर पाच टोप्यांचा घेर तीसच राहिला. सहांचा अठ्ठावीस झाला.

धुतल्यानंतरची मोजमापे ज्या भाचीने घेतली तिला घरात सगळे मोजपट्टी म्हणत. वजने, तापमापक आणि कॅलिपर खरे बोलतात की नाही हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती, आणि घरी येताना ती सवय दाराबाहेर काढून ठेवते असा आरोप तिच्यावर कोणी केला नसता. लहानपणी केक तिनेच कापावा असा घरात अलिखित नियम होता, कारण तिने कापलेल्या तुकड्यांवरून भांडायला काही उरतच नसे.

टोप्या मावशीच्या होत्या. मावशी चाळीस-बेचाळीस वर्षे विणत आली होती आणि तेवढ्या वर्षांची उरलीसुरली लोकर तिने जपून ठेवली होती: अर्धवट राहिलेल्या मफलरची, बाह्या संपल्यावर उरलेली, कोणाच्या तरी उसवलेल्या स्वेटरची, आणि दुकानात रंग आवडला म्हणून उगाच घेतलेली. सात कापडी पिशव्या कपाटावर होत्या, दोन पलंगाखाली, आणि एक शिवणयंत्राच्या पायाशी अशी बसली होती की पाहुण्यांना ती मांजर वाटे. इतक्या लहान लहान गुंड्यांचे होणार काय, हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी सुटला. दवाखान्यात दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचा एक कक्ष होता. त्या बाळांना टोपी लागते आणि तीही बोटभर लोकरीची. मावशीने कपाटावरची पहिली पिशवी खाली काढली आणि तेव्हापासून महिन्याला दहा-बारा टोप्या जाऊ लागल्या. पट्ट्यापट्ट्यांच्या, ठिपक्यांच्या, एकीचा शेंडा हिरवा, कारण निळी लोकर तिथेच संपली.

कक्षाच्या मोठ्या सिस्टर प्रत्येक टोपी आधी धुऊन वाळवत आणि मगच बाळाला घालत. चार महिन्यांपूर्वी त्यांनी एक टोपी परत पाठवली: घट्ट होते, कपाळावर वळ उठतो. पुढच्या महिन्यात दोन परत आल्या, मग चार. या वेळी सहा. सिस्टरांनी अतिशय गोड शब्दांत निरोप दिला होता की मावशींनी आता थोडी विश्रांती घ्यावी.

मावशीला तो निरोप नीट समजला. तिच्या आईची बोटे याच वयात आखडली होती. आधी शिवण सुटले, मग लिहिणे, मग बटण लावणे. एक, दोन, चार, सहा ही चढती रांग कुठे चालली आहे हे कळायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. तिने कोणाजवळ रडगाणे गायले नाही. शाळेत हस्तकला शिकवणाऱ्या ओळखीच्या बाईंना फोन केला आणि दहाही पिशव्या शनिवारी घेऊन जायला सांगितले. सुयासुद्धा.

मोजपट्टी हे ऐकून गुरुवारी संध्याकाळी येऊन धडकली, तेव्हा काका मावशीची बोटे कोमट तेलाने चोळत बसले होते. रोज अर्धा तास हा कार्यक्रम चाले. काका मोटरींच्या कॉइल गुंडाळण्याच्या कारखान्यात छत्तीस वर्षे काढून सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते. पहिले काही आठवडे त्यांनी घरातले सगळे पंखे उघडून पुन्हा बसवले. पंखे संपल्यावर ते मावशीच्या पिशव्यांकडे वळले आणि निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी भेट दिलेल्या हातयंत्रावर एकेक गुंडा नव्याने गुंडाळू लागले. मावशीच्या मते हा तिच्यावर, आणि पंख्यांवर, मोठाच उपकार होता.

भाचीने बॅगेतून स्टीलची पट्टी, भिंग आणि टाचण्या बाहेर काढल्या. मावशीने सांगून टाकले की निदान झालेले आहे, उगीच पंचनामा नको. भाचीचे म्हणणे असे की निदान करणारी आणि रोगी एकच असल्यामुळे दुसरे मत घेणे नियमाला धरून आहे. काकांनी तेलाची वाटी उचलून जागा करून दिली.

पहिला संशय दवाखान्यातल्या धुण्यावर होता. भाची शुक्रवारी सकाळी कक्षात जाऊन आली. मोठ्या सिस्टर घमेल्यात कोमट पाणी घेत, टोपी न चोळता दाबत आणि टॉवेलवर आडवी पसरून वाळवत. अकराही टोप्या एकाच घमेल्यात, एकाच वेळी धुतल्या होत्या. भाचीने सोबत नेलेली, परत आलेल्यांतली एक टोपी सिस्टरांनी आपल्या मुठीवर चढवून दाखवली आणि मूठ सोडवताना त्यांनाच जरा झटापट करावी लागली. धुण्याचा दोष असता तर तो अकरांनाही भोवला असता. तो संशय तिथेच मिटला.

दुसरा संशय लोकरीवर होता. पण त्यातही एक अडचण निघाली. परत आलेल्या सहांत एक तपकिरी टोपी होती, आणि सिस्टरांनी ठेवून घेतलेल्या पाचांतही एक तपकिरी होती. मावशीने त्या लोकरीचे उरलेले दोन गुंडे टेबलावर ठेवून शपथेवर सांगितले की दोन्ही एकाच मफलरच्या उरलेल्या लोकरीतल्या आहेत. तीच मेंढी, तोच रंग, तेच दुकान. एक टोपी शहाणी आणि एक अशी.

मग उरले हात. मावशी ज्याला घाबरत होती तेच. भाचीने शिवणाच्या टोपलीतल्या, अजून न धुतलेल्या चार टोप्या घेतल्या आणि भिंगाखाली दहा सेंटीमीटरांत किती टाके बसतात ते मोजले. एकवीस. एकवीस. साडेएकवीस. एकवीस. तिने पट्टी खाली ठेवली.

“मावशी, ज्याची बोटं आखडतात त्याचे टाके घट्ट पडतात. तुझे चारी टोप्यांत सारखे पडलेत. आमच्याकडे निम्मी यंत्रंसुद्धा इतकी सरळ वागत नाहीत.”

“मग आक्रसतं कोण?” मावशीने विचारले.

“ते मला अजून कळलेलं नाही. पण तू नाहीस.”

मावशीने यावर विश्वास ठेवला नाही. भाची प्रेमापोटी बोलते आहे असे तिला वाटले, आणि मोजपट्टीच्या बाबतीत हा गैरसमज करून घेणारी ती पहिलीच व्यक्ती असावी. शनिवारी बाई येतीलच, असे म्हणून ती चहा टाकायला उठली.

तिच्या उठण्याने टेबल हलले आणि त्यावरचा मावशीने पूर्वी हाताने गुंडाळलेला तपकिरी गुंडा घरंगळत जमिनीवर गेला. दुसरा तपकिरी गुंडा जागचा हलला नाही. तो डब्यासारखा उभा होता: कडा सरळ, माथा सपाट, फेऱ्याला फेरा चिकटलेला. भाचीने तो उचलून टेबलावर आपटला. लाकूड लाकडावर आपटावे तसा आवाज आला.

हा गुंडा ती पहिल्यांदा पाहत नव्हती. पाच महिन्यांपूर्वी असाच एक हातात घेऊन तिने काकांची तोंड भरून स्तुती केली होती. इतकी एकसारखी गुंडाळण आपण कुठे पाहिली नाही, असे म्हणाली होती. त्यानंतर काकांचा वेग दुप्पट झाला होता. एकसारखेपणा दिसला की पुढे तपासणी बंद करायची, ही चूक ती नवशिक्यांच्या अहवालात लाल शाईने दाखवत असे.

तिने काकांना यंत्र दाखवायला सांगितले. काकांचा चेहरा उजळला. त्यांनी ते खिडकीपाशी आणून शिकंज्यात बसवले आणि लोकरीचे टोक फेल्टच्या दोन चकत्यांमधून ओवले. चकत्यांवर एक स्क्रू होता. तो दोन बोटांनी पार शेवटपर्यंत आवळून ते म्हणाले की सगळी कला इथे आहे. तार ढिली गेली की कॉइल जळालीच म्हणून समजा. हँडल फिरू लागले. ताणलेली लोकर तंबोऱ्याच्या तारेसारखी वाजत होती.

भाचीने दोन्ही तपकिरी गुंड्यांतून प्रत्येकी तीन तुकडे कापले. प्रत्येकाला खाली एकेक सारखी टाचणी लावून, लोंबता धरून, बरोबर एक मीटर लांबीचा केला. सहाही तुकडे घमेल्यातल्या कोमट पाण्यात पाऊण तास ठेवले, टॉवेलवर वाळवले आणि रात्रीच्या जेवणाआधी पुन्हा मोजले. हाताने गुंडाळलेले तीन तुकडे साडेनव्व्याण्णव सेंटीमीटर भरले. यंत्राचे तीन भरले त्र्याण्णव.

हे आता काकांना कसे सांगावे, याचा तिने जेवताना बराच विचार केला. निवृत्तीनंतर हाती लागलेले त्यांचे एकुलते एक काम. आणि त्याच कामापायी बदनाम झालेल्या बोटांना ते रोज संध्याकाळी तेल लावत होते. तिला गोड शब्द जमत नसत. तिने तुकडे टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि पट्टी काकांच्या हातात दिली.

काकांनी मोजले. चष्मा पुसून पुन्हा मोजले. मग यंत्राकडे पाहिले.

“तांबं एकदा ताणलं की ताणलेलंच राहतं,” ते म्हणाले. “ही परत जाते?”

“पाणी लागलं की जाते. महिनाभर तशीच आवळून ठेवली तरी जाते.”

“म्हणजे छत्तीस वर्षं नोकरीत मी कोणाला टोपी घातली नाही, आणि आता घातली ती इवल्या इवल्या पोरांना. तीही घट्ट.”

मावशी दाराशी ताट हातात घेऊन उभी होती. तिने सगळे ऐकले होते. ताट तिने आधी नीट खाली ठेवले, कारण ती शिस्तीची बाई होती, आणि मग हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आले ते पदराने पुसले, पुन्हा हसली, आणि काकांसमोर दोन्ही हात धरून बोटे दहाच्या दहा नाचवून दाखवली.

“अहो, चार महिने मी या बिचाऱ्यांना शिव्या देतेय. आणि तुम्ही रोज त्यांना तेल लावताय, साळसूदपणे!”

काकांनी तेल यापुढेही लावायची तयारी दाखवली. दोष सिद्ध झाला असला तरी सेवा चालू राहील, असे त्यांचे म्हणणे पडले. मावशीने तेही मान्य केले.

शनिवारी हस्तकलेच्या बाई आल्या. त्यांना चहा मिळाला आणि एक पिशवी मिळाली, तीही टोचणाऱ्या नायलॉनची, जी मावशीला बरीच वर्षे कोणाच्या तरी गळ्यात मारायची होती. उरलेल्या नऊ पिशव्या आणि सुया जिथल्या तिथे राहिल्या. त्या दुपारी काकांनी यंत्राचे सगळे कडक गुंडे उलगडून लड्या केल्या, भाचीने त्या भिजवल्या आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवर टाकल्या. घरात वावरताना सगळ्यांना तीन दिवस वाकून चालावे लागले. वाळलेली लोकर काकांनी पुन्हा यंत्रावरच गुंडाळली, पण चकत्या काढून टाकून. हे गुंडे थोडे वेडेवाकडे झाले. ते पाहताना काकांना होणारा त्रास चेहऱ्यावर स्पष्ट दिसे.

त्यातून मावशीने पुढच्या अकरा टोप्या विणल्या. धुतल्यावर अकरांचाही घेर तीस सेंटीमीटर भरला. मोठ्या सिस्टरांनी अकराही ठेवून घेतल्या आणि आणखी आहेत का, असे विचारले. टोप्या आखडण्याचे कारण त्यांना हवे होते, म्हणून मोजपट्टीने एका कागदावर लिहून पाठवले:

लोकर यंत्रावर अति ताण देऊन गुंडाळली होती. गुंड्यात ती ताणलेलीच राहिली आणि तशीच विणली गेली. धुतल्यावर ताण सुटून ती मूळ लांबीवर आली, म्हणून टोपी लहान झाली. दर महिन्याला अशा टोप्या वाढत गेल्या, कारण दर महिन्याला यंत्रावर गुंडाळलेली लोकर वाढत गेली. विणणारीच्या हातांत कोणताही दोष नाही.