बेटावरचं इंजिन

खुशालरावांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि शाळेच्या ओसरीत जमलेल्या गावाकडे पाहत म्हटलं, "इंजिन बंद होनार नाई."

नदीच्या दोन धारांमधल्या त्या बेटावर विजेचे खांब कधी येतील, हे एकसष्ट सालच्या त्या उन्हाळ्यात नांदगाव खंडेश्वरच्या साहेबांनाही सांगता येत नव्हतं. तोवर गावात उजेड होता तो खुशालरावांच्या डिझेल इंजिनाचा. पण डिझेलचं पिंप नावेतून आणावं लागे, आणि त्या विजेचा दर आता कोणालाच झेपत नव्हता. निम्म्या घरांनी पुन्हा कंदील पुसून ठेवले होते.

वसंत मास्तर अमरावतीहून माहिती काढून आले होते. "पवनचक्की बसवू. वारा तर फुकटचा आहे."

"आखाडात वारा घरावरचे टीन नेते," सरपंच पंजाबराव म्हणाले, "अन् कार्तिकात पान हालत नाई. तवा काय आमी फुका माराव?"

लोक हसले. मास्तरही हसले.

"मग गोबर गॅस. शेण गावातलंच. गॅसवर बत्त्या जळतील, आणि टाकीतून निघेल ते खत म्हणून परत शेतात."

"अन् बायाईनं चूल कायनं पेटवाव?" खुशालराव उसळून म्हणाले. "गोवऱ्या कुठून आनतीन? इंजिन हाय तेच बरं हाय. मी चालवून राहिलो ना? कोनाले हात लावा म्हटलं काय?"

सगळे खाली पाहू लागले. दाराशी बायांमध्ये बसलेल्या खुशालरावांच्या बायकोनं, दुर्गाबाईंनी पदर घट्ट ओढला. गेल्या साली त्याच इंजिनाच्या पट्ट्यात सदरा अडकून त्यांचा चंद्रभान गेला होता. एकुलता एक. तेरवी झाली आणि खुशालराव स्वतः इंजिनावर जाऊन बसले. पोराच्या चितेपाशीही त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. रोज दिवेलागणीला घरामागच्या खोलीतून धडधड सुरू झाली की दुर्गाबाईंचा परातीतला हात थांबायचा. या माणसाला काहीच कसं होत नाही, असं मनाशी म्हणत त्या पुन्हा पीठ मळायला लागायच्या.

त्या उठून उभ्या राहिल्या. सभेत बाईमाणसानं बोलायची गावात रीत नव्हती.

"चुलीले पऱ्हाट्या हायेत, तुराट्या हायेत," त्या म्हणाल्या. "आमच्या गोठ्यातलं सारं शेन घ्या. पन ते इंजिन न्या इथून."

खुशालरावांनी बायकोकडे पाहिलं. मग फेटा उचलला आणि तो न बांधताच ते ओसरी उतरून गेले.

दिवाळीच्या आधी टाकी बांधून झाली. इंजिन चांदूर रेल्वेच्या एका कापसाच्या जिनवाल्यानं नेलं. ते नावेत चढवताना खुशालराव घाटावर फिरकलेही नाहीत. पहिली बत्ती शाळेत लागणार म्हणून त्या संध्याकाळी सारं गाव तिकडे लोटलं. दुर्गाबाई मात्र गेल्या नाहीत. बऱ्याच दिवसांनी त्यांना घरात बसून नदीचं पाणी ऐकू आलं. आता तरी जीवाला बरं वाटेल, म्हणून त्या वाट पाहत बसल्या.

तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला. एखादं जनावर अडकलं असावं, असा. त्या लगबगीनं गेल्या.

इंजिनाच्या रिकाम्या चौथऱ्यावर खुशालराव गुडघ्यांना मिठी मारून बसले होते आणि गळा काढून रडत होते. "चंदू... चंदू रे..." दारात बायको दिसताच ते गप्प झाले. धोतराच्या सोग्यानं त्यांनी घाईघाईनं तोंड पुसलं.

"आवाज भाईर गेला काय?" त्यांनी विचारलं. "इंजिन होतं तं कोनाले आयकू जात नोयता."

दुर्गाबाई दाराला धरून उभ्या राहिल्या. मग आत आल्या आणि तेलकट चौथऱ्यावर त्यांच्या शेजारी टेकल्या.

"जाऊ द्या भाईर," त्या म्हणाल्या.