पियानोला घातलेलं तेल

माझं वाजवणं अण्णांनी सभागृहात बसून एकदाच ऐकलं, आणि तेही अर्धंच. उरलेलं अर्धं ऐकायला मीच त्यांना जागेवर ठेवलं नाही. पुढे मी बऱ्याच देशांत पियानो वाजवला, पेपरात फोटो आले, हारतुरे झाले. पण कुणी कौतुकानं म्हटलं, "वडील किती खूश झाले असतील!" की मला त्या माणसाचा राग येतो. खरं तर माझाच येतो.

आम्ही जबलपूरला कांचघर वस्तीत राहायचो. अण्णा, म्हणजे विष्णुपंत, तोफांचे गाडे बनवणाऱ्या फॅक्टरीत फिटर होते. रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये एक अँग्लो-इंडियन बाई पियानो शिकवायच्या. फिटरच्या मुलीला हे नसते शौक कशाला, असं सगळी आळी म्हणत असताना अण्णांनी मला नऊ वर्षं सायकलवर बसवून तिथं पोचवलं. स्वतः बाहेर पायरीवर बसायचे. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माझी शिकवणी त्यांनी एकदाही चुकू दिली नाही.

१९६५चा सप्टेंबर. लढाई सुरू झालेली, फॅक्टरीत बारा-बारा तासांच्या पाळ्या. व्हिएन्नाला शिकायच्या शिष्यवृत्तीसाठी मुंबईहून परीक्षक मला ऐकायला येणार होते. ब्लॅकआउटमुळे कार्यक्रम इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये दुपारी तीनला ठेवला होता. पियानो लावणारा माणूस दरवर्षी कलकत्त्याहून यायचा, तो त्या वर्षी गाड्यांच्या गोंधळात अडकला. पावसाळ्याच्या ओलीनं पियानोच्या पट्ट्या जड झाल्या होत्या, आतून किरकिर यायची. आदल्या दिवशी घरी आल्यावर मी त्याबद्दल कुरकुर केली. तेच नडलं.

परीक्षक पहिल्या रांगेत होते. तिसऱ्या रांगेत अण्णा, दोन तासांची सुट्टी काढून, कामाच्याच कपड्यांत. शेजारी फोरमन बाबाराव आणि चार-पाच सोबती. सुरुवातीला पट्ट्या उलट हलक्या लागल्या, मी खूश झाले. मग संथ भागात दाबलेली एक पट्टी वर येईना. मग दुसरी. मग एकदम चार. मी थांबले आणि झाकण उघडलं. तारांवर पडणाऱ्या हातोड्यांना आणि त्यांच्या सांध्यांना मऊ लोकर लावलेली असते. ती तेल पिऊन फुगली होती आणि हातोडे अडकत होते.

"ये तेल किसने डाला?" मी ओरडले.

अण्णा उठले. हजेरीला करतात तसा हात वर केला.

"मी घातलं बेटा. सकाळी ड्यूटीवर जाताना. किरकिर करून राहिला होता ना. एकदम बढिया तेल आहे, ओमतीच्या बाजारातून नवीन आणलं."

यंत्र किरकिरलं की तेल द्यायचं, तीस वर्षं त्यांच्या हातांना हेच माहीत. मला ते त्या क्षणीसुद्धा कळत होतं. तरी मी म्हणाले, "काहून हात लावला तुम्ही? ही काय तोफ आहे? अडाणी ते अडाणीच! बाहेर व्हा आधी!"

आणि सगळ्यांना कळावं म्हणून तेच हिंदीतही म्हणाले.

बाबाराव खाली बघत राहिले. अण्णा रांगेतल्या माणसांचे पाय चुकवत, "माफ करा, माफ करा" म्हणत बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी चर्चमधल्या पियानोवर परीक्षकांनी मला पुन्हा ऐकलं आणि शिष्यवृत्ती मिळाली. म्हणजे त्या तेलानं माझं काहीच बिघडलं नाही. एक दिवस उशीर झाला, इतकंच.

व्हिएन्नात चार वर्षं शिकले, मग कार्यक्रम मिळू लागले. अण्णांच्या पत्रात तीच वाक्यं: रियाज कर, थंडी सांभाळ. दिल्लीला, कलकत्त्याला वाजवायला आले की मी त्यांना बोलवायची. उत्तर ठरलेलं, ड्यूटी आहे. रविवारीसुद्धा. माफी मागायची हे मी प्रत्येक प्रवासात ठरवायची आणि घरी पोचले की उद्यावर ढकलायची. मोठी कलावंत झाले होते ना मी!

१९७१च्या डिसेंबरात पुन्हा लढाई. जवानांच्या मदतीसाठी त्याच हॉलमध्ये माझा कार्यक्रम होता. या वेळी स्टेजवरून, सगळ्यांसमोर, दोन्ही भाषांत माफी मागायची असं मी पक्कं केलं होतं. पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची राखून ठेवली. अण्णा मला दारापर्यंत सोडायला आले आणि थांबले.

"आत चला ना अण्णा."

"नको. माझ्या हातून काही बिघडायचं. तू जा, मी इथंच आहे."

आणि पायरीवर बसले. रिकाम्या खुर्चीची काय माफी मागणार? मी नुसतीच वाजवून आले.

परत चालत निघालो. अजून ऊन होतं. आता बोलायचंच म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णाच म्हणाले, "कुंदा, एक बोलू? त्या दिवशी माझी गलती झाली. तुला विचारायला पाहिजे होतं. सहा साल झाले, बोलीन बोलीन करता राहून गेलं. माफ कर बेटा."

नाही, अण्णा, चूक माझी होती. एवढंच म्हणायचं होतं. पण ते इतक्या आशेनं माझ्याकडे बघत होते, आणि मला ते इतकं सोपं झालं, की मी म्हणाले, "जाऊ द्या हो अण्णा. मी तर तुम्हाला केव्हाच माफ केलं."

"अच्छा? चलो, बरं झालं," ते म्हणाले. घरापर्यंत ते अगदी मोकळेपणानं बोलत होते.

पुढच्याच उन्हाळ्यात अण्णा गेले. अपराध माझा होता, माफी त्यांनी मागितली, आणि मी ती देऊनसुद्धा टाकली.